तिसऱ्या दिवसाची सूज

अंगणात एकशे वीस कोबी मिठात घालून ठेवलेले होते आणि घरात कुणी नव्हतं. रविवारी दुपारी तेगू शहरातल्या इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या नातेवाइकांच्या खोलीत बसून ओकबुन आत्या याच गोष्टीवर बोलत होती. शनिवारी मीठ लावायचं, रविवारी सकाळी धुवायचं, दुपारपर्यंत मसाला भरून मडक्यांची तोंडं बांधायची. ग्वाकांच्या घरी वर्षाची किमची कायम अशीच झाली होती. आता कोबी मिठात फार वेळ राहिला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत खारट चिखल खा, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली. तिचा सख्खा धाकटा भाऊ भिंतीपलीकडे नळ्या लावून पडला होता, पण त्याचं नाव काढायचा धीर तिला होत नव्हता. कोबीचं नाव काढायला धीर लागत नाही. शेवटी तिचा भाचा सांगग्यू कंटाळून उठला आणि शेजारणींना फोन करायला बाहेर गेला.

सांगग्यूची बायको ह्येरान दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिला कोबी दिसत नव्हते. तिला चमचा दिसत होता.

काल सकाळी अकरा वाजता तिचे सासरे मान्सोक कोबीची टोपली उचलता उचलता नळापाशी बसले, ते उठलेच नाहीत. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि बोलायला गेले की नुसता घशातला आवाज. सांगग्यू तेव्हा डोंगराकडच्या शेडवर होता, सुकायला टांगलेल्या पर्सिमन फळांच्या माळा फिरवत. घरात तिघी बायकाच. ह्येराननं फोन उचलला, तर आत्यांनी तो तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला. "अंगावरून वारं गेलंय त्याच्या. आत्ता हलवलंस तर रस्त्यातच जाईल. आधी रक्त मोकळं होऊ दे," म्हणाल्या, आणि गोधडीची सुई घेऊन त्यांनी मान्सोकच्या दहाही बोटांच्या टोकांना टोचलं. मग ह्येरानला कपाटातली चंगसिम्ह्वानची डबी आणायला सांगितलं.

ही गोळी प्रत्येक घरात असते. बोराएवढी, काळी, उग्र वासाची, सोन्याच्या वर्खात गुंडाळलेली. परीक्षेला घाबरलेल्या पोरीला देतात, लग्नाच्या सकाळी थरथरणाऱ्या नवऱ्यालाही देतात. ग्वाकांच्या घरात तर तिला देव्हाऱ्याचाच मान होता, कारण ओकबुननं तरुणपणी हीच गोळी देऊन आपल्या वडलांना वाऱ्यातून उठवलं होतं आणि ते पुढं अकरा वर्षं जगले. त्यांना वारं गेलंच नव्हतं, उन्हानं भोवळ आली होती, असं मान्सोकची मुलगी नामही एकदा म्हणाली, तर जेवणाच्या पाटावरून आत्या उठून गेल्या होत्या.

ह्येरानच्या सासूबाई जोंगिम यांनी मान्सोकचं डोकं मांडीवर धरलं. ह्येराननं गोळी कोमट पाण्यात कुस्करली आणि चमच्यानं भरवली. पहिला चमचा अर्धा ओघळला. दुसऱ्याला ठसका लागला. ह्येरान थांबली, तर आत्या म्हणाल्या, ठसका म्हणजे आत जीव आहे, दे अजून. तिसऱ्या चमच्याला सासऱ्यांचे ओठ निळे पडले आणि घशातून नळातल्या पाण्यासारखा गुळगुळ आवाज आला. तेव्हा ह्येराननं वाटी खाली ठेवली आणि कुणाला न विचारता रुग्णवाहिका बोलावली. चाळीस मिनिटं गेली होती. कालपासून ह्येरान ती चाळीस मिनिटं पुन्हा पुन्हा मोजत होती, आणि ती काही केल्या कमी होत नव्हती.

दोन वाजता विभागाच्या डॉक्टर मेंगनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं.

नामही संगणकाच्या पडद्याच्या अगदी जवळ बसली. ती देजनच्या प्रयोगशाळेत काम करायची. अकरा वर्षं ती उंदरांना पक्षाघात घडवून त्यांच्या मेंदूत काय होतं ते पाहत आली होती. मान्सोक गावात सांगायचा, माझी पोरगी उंदरांची डॉक्टर आहे. पेशंट वाचत नाहीत, पण एकाचीही तक्रार आलेली नाही. पडद्यावर बापाच्या मेंदूचा फोटो आला तेव्हा तिनं डावीकडचा तळहाताएवढा मेलेला भाग पाहिला. आईला काही कळत नव्हतं याचा तिला हेवा वाटला.

डॉक्टर मेंग हळू आणि सोपं बोलत होते. मेंदूतली रक्ताची गाठ काल काढली, पण उशीर झाला होता. जो भाग मेला तो मेला. आता भीती आहे ती त्याच्याभोवतीच्या जिवंत भागाची. "गावात एका घराला आग लागली की सगळा गाव धावतो ना, तसं आहे," ते म्हणाले. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात. एरवी मेंदूत त्यांना फारशी वाट नसते, पण आता भिंतच फुटलीय. त्या आत घुसतात, मेलेलं साफ करता करता चांगलंही तुडवतात, आणि मेंदू सुजतो. कवटीत सुजायला जागा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यांत जास्त असते."

काल पहिला दिवस होता. नामहीनं मनातल्या मनात सोमवार धरला.

एक औषध होतं, अजून चाचणीतलं. ते त्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीशीच अडवून धरायचं. चाचणीतल्या अर्ध्या रोग्यांना औषध आणि अर्ध्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. चारच्या आत सुरू व्हायला हवं होतं. आणि एक अट होती.

"दुसरीकडे कुठं जंतू असता कामा नयेत. छातीत तर नाहीच. तिथं याच पेशी लढतात. छातीत काही गेलं असेल आणि आपण हे औषध दिलं, तर चोर घरात असताना रखवालदाराला कोंडल्यासारखं होईल." मग डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "त्यांना थोडा ताप आहे. सकाळच्या फोटोत छाती साफ दिसली, पण तिथं दिसायला वेळ लागतो. त्यांच्या बोटांना सुया टोचलेल्या आहेत. माझी आजीही टोचायची, मी रागावत नाही. कुणी टोचल्या?"

"मी," ओकबुन म्हणाली.

"आणि गोळी?"

ह्येराननं सासूकडे पाहिलं. सासू टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"गोळी नाही दिली," ओकबुन म्हणाली. "सुईच तेवढी."

"पाणीसुद्धा नाही," जोंगिम म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं.

नामहीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. प्रयोगशाळेत तिनं इतक्यावर कुणाचाच विश्वास ठेवला नसता. पण तिला ते औषध हवं होतं, आणि हवं असलं की माणूस पुरावा मागत नाही.

विरोध केला तो सांगग्यूनं. डॉक्टर बाहेर गेल्याबरोबर तो बहिणीवर उखडला. बाबांना मिठाचं पाणी चढवायचं आणि वर सही आपण करायची, हा कुठला न्याय? "अकरा वर्षं उंदीर मारून पोट भरलं नाही तुझं? आता बाबांना पिंजऱ्यात घालतेस?" नामही म्हणाली, दादा, उद्या काय होणार ते मी शेकडो वेळा बघितलंय, तू एकदाही नाही. ते दोघं वडलांची वरची जमीन विकली तेव्हापासून नीट बोलत नव्हते, आणि आता ते सगळं यात आलं. कोण सणाला येतं, कोण येत नाही, कुणी शिकून मोठं व्हायचं आणि कुणी माळा टांगायच्या.

वाद तोडला तो ओकबुननं, आणि सगळ्यांना नवल वाटलं, कारण तिनं नामहीची बाजू घेतली. औषध म्हणजे कापाकापी नाही, पोरगी शिकलेली आहे, कर सही, असं ती भाच्याला म्हणाली. ग्वाकांच्या घरात आत्याचा शब्द खाली पडत नसे. थोरला मुलगा म्हणून सांगग्यूनं सही केली. नामहीला आत्याविषयी पहिल्यांदाच माया वाटली. आत्या का बाजूला आली ते तिच्या लक्षात आलं नाही. ह्येरानच्या आलं. औषध सुरू झालं की गोळीची चौकशी संपणार होती.

तीन वाजता वीस मिनिटांची भेट मिळाली. एका वेळी एकच माणूस. जोंगिम आत गेली.

मान्सोक डोळे मिटून होता. तिनं त्याचा डावा हात धरला तर त्यानं तिची बोटं दाबली, म्हणजे तो आत होता. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं लोकांसमोर तिचा हात कधी धरला नव्हता. ती काहीतरी बोलणार होती, कोबी शेजारणींनी धुतलेत वगैरे, पण तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. श्वास आत जाताना छातीत खाली, उजवीकडे, बारीक गुळगुळ. कालचाच. नर्स म्हणाली, कफ आहे, काढतो आम्ही. जोंगिमला ठाऊक होतं तो कफ नव्हता. तिला इतकी भीती वाटली की वीस मिनिटं व्हायच्या आधीच ती बाहेर आली आणि हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली.

ह्येरान मागोमाग आली.

"आई, सांगायला हवं."

"आत्याबाई नाही म्हणाल्यात."

"आत्याबाईंना छातीचा आवाज ऐकू येत नाहीये. तुम्हाला आलाय. तुमच्या तोंडावर दिसतंय."

जोंगिमनं नळ सोडून दिला आणि पाणी नुसतंच वाहू दिलं. ती म्हणाली, औषध नाही मिळालं तर उद्या सूज येणार, पोरगी म्हणतेय ना. सांगितलं तरी मरण, नाही सांगितलं तरी मरण. मग उगाच सांगून काय? आणि थोड्या वेळानं म्हणाली, "सगळं तुझ्यावर येईल बघ. त्या मोकपोचीनंच पाजलं म्हणतील. चमचा तुझ्या हातात होता."

हे तिनं सुनेच्या काळजीनं म्हटलं होतं. चौदा वर्षं तिनं नणंदेला या सुनेवर, तिच्या दूरच्या मोकपोच्या माहेरावरून, घसरताना पाहिलं होतं. मोकपोच्या हातची किमची, कोबी कमी आणि खारवलेली मासळीच जास्त. मोकपोची माणसं गोड बोलतात, पाठीत सुरी ठेवतात. एकदाही ती मध्ये पडली नव्हती. ह्येरानला मात्र ती काळजी ऐकू आली नाही, धमकीच ऐकू आली.

"माहितीय," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्ही सांगा म्हणत होते."

ती बाहेर गेली. जोंगिमनं नळ बंद केला.

चारला दहा मिनिटं असताना नर्स लहानशी पारदर्शक पिशवी घेऊन आली. त्यात औषध होतं की मीठ, पाहून कळत नव्हतं. नामही उठून उभी राहिली. सांगग्यूनं डोळे मिटले. नर्स दाराला कार्ड लावणार तेवढ्यात ह्येरान तिच्या आणि दाराच्या मध्ये आली.

"थांबा. मी त्यांना गोळी दिलीय. पाण्यातून, तीन चमचे. तिसऱ्याला ठसका लागून ओठ निळे पडले होते."

नर्स मागे वळली आणि डॉक्टरांना हाक मारत निघून गेली. सांगग्यूला क्षणभर काही समजलंच नाही.

"तू दिलीस? कुणाला विचारून?"

ओकबुन काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती, आणि ती एवढंच म्हणाली की गोळीनं आजवर कुणी मेलेलं नाही. सांगग्यूनं पुन्हा विचारलं, जोरात, इस्पितळ आहे हे विसरून.

"तिच्यावर ओरडू नकोस," जोंगिम दारातून म्हणाली. "डोकं मी धरलं होतं. द्यायला तुझ्या आत्यानं सांगितलं. फोन करू दिला असता तर ती तेव्हाच करणार होती. डॉक्टरांशी खोटं मी बोलले, तिनं नाही."

एवढी लांब वाक्यं तिनं नणंदेसमोर कधी बोललेली नव्हती. ओकबुन उठली आणि काठी टेकत, कुणाकडे न बघता, पार व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसली. तिथं खिडकीकडे तोंड करून ती रडत होती की नाही ते कुणाला दिसलं नाही, आणि बघायलाही कुणी गेलं नाही.

नामही रागावली नाही, त्याचंच ह्येरानला भय वाटलं. ती वहिनीसमोर बसून प्रश्न विचारत राहिली. चमचा केवढा, पाणी किती, निजवून पाजलं की बसवून, ठसका किती वेळ. जशी रोज वहीत लिहीत असेल तशी. मग मध्येच थांबली आणि वहिनीचा हात तिनं इतका घट्ट धरला की दुखलं. "मला कळायला हवं होतं," म्हणाली. "ताप होता. मला कळायला हवं होतं."

छातीचं स्कॅन साडेपाचला आलं. उजवं फुप्फुस खालून भरत चाललं होतं. पिशवी परत गेली आणि तिच्या जागी जंतूंवरचं औषध लावलं. आपण चारला सुरू केलं असतं तर छाती सावरली नसती, असं डॉक्टर मेंग ह्येरानकडे बघून म्हणाले. ह्येराननं मान हलवली. नंतर एकटी सापडल्यावर तिनं नामहीला विचारलं, ते औषध मिळालं असतं तर बाबा उद्याच्या सुजेतून वाचले असते का?

"ते औषध होतं की मिठाचं पाणी, हेच कधी कळलं नसतं, वहिनी."

ह्येरानला यात दिलासा होता की नाही ते ठरवता येईना. तिनं सगळ्यांसाठी भाताचे लाडू आणले. कुणी खाल्ले नाहीत, फक्त सांगग्यूनं तिच्यासाठी एकाचं वेष्टन काढून दिलं आणि तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला.

सोमवारी सकाळी मान्सोकनं जोंगिमची बोटं दाबली नाहीत. अकरा वाजता तो हाकेला डोळे उघडेना. बारानंतर नर्सनं डोळ्यात बॅटरी मारली, मग पुन्हा मारली, आणि ती पळत गेली. डावी बाहुली मोठी झाली होती.

डॉक्टर मेंग आले तेव्हा त्यांच्याबरोबर शस्त्रक्रिया करणारे दुसरे डॉक्टर होते. या वेळी कुणी बसलं नाही. सूज खाली ढकलत होती, श्वासाच्या केंद्राकडे. औषधं पुरी पडत नव्हती. डावीकडचं कवटीचं हाड काढून ठेवलं तर मेंदूला बाहेरच्या बाजूला फुगायला जागा होईल. नाही काढलं तर संध्याकाळपर्यंत. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. काढलं तर वाचायची आशा होती, पण बोलणं परत येईल असं ते सांगू शकत नव्हते, उजवी बाजूही नाही. छाती भरलेली असताना भूल देणं हाही धोकाच होता. अर्ध्या तासात सांगा, ते म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद सांगग्यूच्या हातात होता. त्यानं तो दोनदा वाचला. मग तो सवयीनं व्हरांड्याच्या टोकाशी गेला आणि आत्यासमोर उकिडवा बसला. आत्या, काय करू? नामहीनं लांबून पाहिलं, ओकबुननं मान हलवली. ती नुसतीच नको म्हणत होती की मला विचारू नको म्हणत होती, ते तिथून कळत नव्हतं. सांगग्यू आईपाशी परत आला.

"मला विचारू नको म्हणतात," तो म्हणाला. "आई, बाबांना कवटीशिवाय, बोलता न येता... त्यांना हे चाललं असतं का गं?"

जोंगिम मुलीकडे वळली. अकरा वर्षांत तिनं नामहीला कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. किळस वाटायची तिला.

"नामही. तुझ्या उंदरांना अशी सूज येते ना?"

"येते."

"मग पुढं? जगतात का ते?"

सुजेचं नामहीला सगळं ठाऊक होतं. कुठल्या तासाला कुठल्या पेशी येतात, किती येतात, कशावर तुटून पडतात. त्यावर तिचे सात शोधनिबंध छापले होते.

"आम्ही त्यांना ठेवत नाही, आई. तिसऱ्या दिवशी मेंदू काढतो. सूज किती आली ते मोजायला." तिला आईकडे बघवेना. "चौथा दिवस मी कधी बघितलाच नाही."

ह्येरान रडू लागली होती, आवाज न करता. मग जोंगिमनं सांगग्यूच्या हातातून कागद काढून घेतला, तो भिंतीवर सपाट धरला आणि डॉक्टरांना विचारलं की सही कुठं करायची.